प्रकल्पाचे आठ गुण शोधाला द्या : गोव्यातील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील माध्यमिक विद्यालयांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापन समित्या

सप्रेम नमस्कार.

‘म्हादई नदी’ या विषयावरच्या एका वर्गाच्या प्रकल्पवह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून पाहा. मुखपृष्ठे निरनिराळी, कडेची नक्षी निरनिराळी. आतला मजकूर मात्र एकच. तो एकाच पानावरून उतरलेला असतो, आणि पुष्कळदा एकाच झेरॉक्सच्या दुकानातून आलेला असतो. याला मुलांची लबाडी म्हणणे सोपे आहे. खरे तर शाळेने मागितले तेच त्यांनी आणून दिलेले असते : पंधरा पाने, चार चित्रे, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि शेवटच्या पानावर ‘संदर्भ : गूगल’. ‘बातमी कुठे वाचलीस?’ असे विचारल्यावर ‘कागदावर’ म्हणावे, तसाच हा संदर्भ.

आमची मागणी एकच आहे. शाळेच्या पातळीवर जो प्रकल्प २० गुणांचा असतो, त्यातले ८ गुण मुलाने माहिती कशी शोधली, कुठे अडला, काय नाकारले आणि का, याच्या नोंदीला द्यावेत. या एक पानी नोंदीला आपण शोधनोंद म्हणू. त्यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको. वर्षाच्या सुरुवातीला पाच तासिका आणि ग्रंथालयाचे उघडे दार पुरे.

‘माहिती-साक्षरता’, म्हणजे हवी ती माहिती शोधून, पारखून वापरता येणे, हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरात आणला. आपल्याकडे तो शब्द पोचण्याआधी यंत्रे पोचली. राज्य सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक आले, मग शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले, आणि आता जवळपास प्रत्येक घरात निदान एक मोबाइल आहे. शोधायचे कसे हे शिकवण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच वेळापत्रकात बसली नाही. संगणकाचे शिक्षक म्हणतात हे भाषेचे काम, भाषेचे म्हणतात संगणकाचे, आणि ग्रंथपाल त्या वेळी कुणाच्या तरी बदली तासाला वर्गावर असतो.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, ती बाहेरून आलेल्या कार्यशाळांना दिसत नाही. आपली पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजीत जातात. प्रश्न त्यांच्या डोक्यात मराठी-कोकणीत उठतो, टाइप होतो मोडक्या इंग्रजीत, समोर येते ते कठीण इंग्रजी पान. ते समजून घेण्यापेक्षा उतरवणे सोपे, म्हणून मूल उतरवते. तेव्हा शोधनोंद मराठी, कोकणी, इंग्रजी, कशातही लिहायची मुभा द्या, शुद्धलेखनाचे गुण कापू नका. विज्ञानाचा प्रकल्प इंग्रजीत असला तरी त्याची शोधनोंद मराठीत चालली पाहिजे.

पहिली तासिका फक्त प्रश्नाची. ‘म्हादई’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. विषय दिला की मूल उगमापासून सुरू करून जे दिसेल ते गोळा करते. ‘म्हादईच्या पाणीवाटपात गोव्याच्या वाट्याला किती पाणी आले आणि ते कुणी ठरवले?’ हा प्रश्न झाला, कारण याचे उत्तर सापडले की नाही ते कळते. ओळखायची खूण सोपी : शोध कधी थांबवायचा हे प्रश्न वाचून समजले पाहिजे. वर्गातल्या सगळ्यांना एकच प्रश्न देऊ नये. ग्रंथालयात त्या विषयाची पुस्तके दोन आणि मुले चाळीस असली की पहिल्या दिवशी दोन मुले पुस्तके नेतात आणि उरलेली अडतीस झेरॉक्सच्या दुकानात जातात. विषय एक ठेवून प्रश्न आठ-दहा करा, आणि ते ग्रंथपालाला पंधरा दिवस आधी कळवा. आदल्या दिवशी मिळालेल्या यादीवर कुठलाही ग्रंथपाल काही करू शकत नाही.

दुसरी तासिका शब्दांची, आणि गोव्यात ही सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे एकाच गोष्टीला तीन-चार नावे आणि एकाच नावाच्या दोन गोष्टी, हे पावलोपावली आहे. म्हादई तीच मांडवी, आणि कर्नाटकच्या व पाणीवाटप ठरवणाऱ्या लवादाच्या कागदपत्रांत तीच महादयी. नुसते ‘मांडवी’ टाकले तर कच्छमधले बंदर आणि मुंबईतला भाग यांची गर्दी होते, पाणीतंटा हाती लागत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या मतदानाला कुणी जनमत कौल म्हणतो, कुणी सार्वमत, कुणी ओपिनियन पोल. एकच शब्द वापरणाऱ्या मुलाला उपलब्ध मजकुराचा थोडाच हिस्सा दिसतो. पणजी ही १८४३ पासून सरकारी कागदांत नोव्हा गोवा होती, त्यामुळे मुक्तिपूर्व काळाचा शोध ‘पणजी’ या शब्दावर अर्ध्यात तुटतो. सगळ्यांत फसवे उदाहरण साष्टीचे. मडगाव ज्या तालुक्यात येते तो सालसेत म्हणजे आपली साष्टी. मुंबई-ठाण्याचे बेटही साष्टीच. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून साष्टी घेतली हे वाक्य मूल मडगावच्या इतिहासात डकवते, आणि ती साष्टी ठाण्याची होती हे वही तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी वहीत तीन रकान्यांचा शब्द-तक्ता करून घ्या : पहिल्यात मराठी-कोकणी नावे, दुसऱ्यात इंग्रजी स्पेलिंगे, तिसऱ्यात जुनी किंवा पोर्तुगीज नावे. एका प्रश्नाला निदान सहा शब्द भरले पाहिजेत. दुसरा रकाना मुले हमखास अर्धवट सोडतात. म्हापसा, डिचोली, केपे, काणकोण यांची रोमन स्पेलिंगे उच्चारावरून सुचत नाहीत, नावाच्या फलकावरून उतरवून घ्यावी लागतात. संक्षेपांची तर वेगळीच गंमत. ‘टीएमसी’ म्हणजे पाणी मोजण्याचे एक अब्ज घनफुटांचे माप, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. नुसता हा संक्षेप ‘गोवा’ शब्दाबरोबर शोधला की २०२२ च्या विधानसभा निवडणुकीतला तृणमूल काँग्रेसचा प्रचार समोर येतो.

गूगलच्या दोनच युक्त्या आठवीला पुरतात. नेमका शब्दसमूह हवा तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाकायचा. सरकारी कागद हवा तर शोधशब्दांपुढे इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि त्याला चिकटून ‘जीओव्ही डॉट इन’. अपूर्णविरामानंतर जागा सुटली की ही युक्ती चालत नाही. दहापैकी सात-आठ मुले तिथेच चुकतील असे धरून चाला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा.

तिसरी तासिका कपाटापाशी. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात नदी एका जागी राहत नाही. पाण्याचे शास्त्र ५५१.४८ वर, पाण्याचा वापर आणि वाटप ३३३.९१ वर, गोव्याचा इतिहास ९५४ मध्ये, आणि नदीवरची मराठी कविता ८९१.४६ खाली. एकाच कपाटासमोर उभे राहून ‘पुस्तक नाही’ म्हणणाऱ्या मुलाला हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून द्या. चाळीस मिनिटांत मूल वर्गीकरण म्हणजे काय हे समजून घेते. पुस्तक हाती आले की अनुक्रमणिका आणि शेवटची शब्दसूची, एवढेच आधी पाहायचे. (मराठी प्रकाशकांनी शब्दसूची देणे जवळपास सोडले आहे, त्याबद्दल त्यांना वेगळे पत्र लिहायला हवे.) सूची नसेल तर प्रकरणांची नावे वाचून दोन प्रकरणे निवडायची. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेणारे मूल तिसऱ्या पानावर कंटाळते आणि मोबाइलकडे वळते.

शाळेत पुस्तके कमी असतील तर पाटोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये ‘पब्लिका लिव्हरारिया’ म्हणून सुरू झालेली ही संस्था बहुतेक शाळांच्या सहलीच्या यादीत असते. पण तिथे मुलांना इमारत दाखवायला नेऊ नका. प्रत्येकाच्या हातात एक प्रश्न आणि भरलेला शब्द-तक्ता असल्याशिवाय बस सोडूच नये.

चौथी तासिका पडताळणीची. इथे थोडे थांबावे लागेल, कारण चुकीच्या माहितीपेक्षा अर्धवट समजलेली बरोबर माहिती जास्त घोटाळा करते. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, तो २७ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्राच्या राजपत्रात आला. कर्नाटकच्या वाट्याचा आकडा शोधणाऱ्या मुलाला एका पानावर १३.४२ टीएमसी दिसतो, दुसऱ्यावर ५.४, तिसऱ्यावर ३.९. मूल गोंधळते, आणि शिक्षकही ‘जो जास्त ठिकाणी आहे तो घे’ म्हणतात. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. कळसा नाल्याचे १.७२ आणि भंडुरा नाल्याचे २.१८ मिळून खोऱ्याबाहेर वळवायचे पाणी ३.९, त्यात खोऱ्यातल्या वापराचे १.५ मिळवले की ५.४, वीजनिर्मितीचे ८.०२ धरले की १३.४२. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. ज्या मुलाने ही बेरीज वहीत मांडली त्याला पूर्ण गुण द्या, मग त्याची पाने पंधराऐवजी तीन का असेनात. आकडा भेटला की चार गोष्टी लिहायच्या : कशाचा, कोणत्या दिवसाचा, कोणत्या मापात, कुणी मोजला. नदीची लांबीही पानागणिक बदलते. एकाने उगमापासून मोजलेली असते, दुसऱ्याने राज्याच्या सीमेपासून.

तारखेचाही असाच फटका बसतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५७,७२३ आणि १४,५८,५४५ अशी दोन्ही सापडते. पहिला आकडा हंगामी, दुसरा अंतिम. जुन्या पुस्तकांत तालुके ११ आहेत, कारण तेव्हा धारबांदोडा वेगळा झाला नव्हता. पुस्तक खोटे नाही, त्याचे वर्ष पाहिले नाही एवढेच. जनमत कौलात वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. कुठे ३४,०२१ हाच आकडा एकटा छापलेला असतो, तो या दोहोंतला फरक आहे. वजाबाकी करून पाहायची सवय लागली की अशा गोष्टी मुले आपणहून पकडतात.

अनोळखी संकेतस्थळ भरवशाचे आहे का, हे ठरवण्याची आपली जुनी रीत अशी की त्याच पानावर रेंगाळायचे, ‘आमच्याविषयी’ वाचायचे, बोधचिन्ह पाहायचे. ही रीत मोठमोठ्यांनाही फसवते. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि त्याच विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना सारख्याच नावांच्या दोन बालरोगतज्ज्ञ संघटनांची पाने दाखवली. एक जुनी आणि मोठी, दुसरी तिच्यातून फुटलेली, छोटी. इतिहासकार आणि विद्यार्थी पानाच्या देखणेपणात अडकले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून नव्या खिडक्या उघडत आणि या संघटनेबद्दल दुसरे काय म्हणतात ते पाहत. याला आडवे वाचन म्हणता येईल. वर्गात त्याचा सराव असा घ्या : पान उघडल्यावर तीस सेकंदांत ते सोडायचे, संस्थेचे नाव नव्या खिडकीत शोधायचे, तीन वेगळ्या ठिकाणी तिच्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचायचे, मग परत यायचे की नाही ते ठरवायचे. एकूण तीन मिनिटे. विकिपीडियाला बंदी घालण्यापेक्षा तो या कामाला वापरा. मात्र लेखाच्या तळाशी असलेले संदर्भ आणि ‘इतिहास पहा’ ही कळ मुलाने उघडली पाहिजे. कुणीतरी कालच बदललेला आकडा तिथे उघडा पडतो.

मोबाइलवरच्या फॉरवर्डला हीच रीत लागते, फक्त वेग जास्त हवा. पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ असे परिपत्रक फिरू लागले की पाहायचे ते तारीख, जावक क्रमांक आणि शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर तोच कागद आहे का, एवढेच. गेल्या वर्षीचे खरे परिपत्रकच या वर्षी पुन्हा फिरते, म्हणून सही-शिक्का खरा असणे पुरेसे नाही. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे ‘तयार राहा’, सुट्टी नव्हे. सुट्टी वेगळ्या आदेशाने जाहीर होते. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो संदेश निदान पाच हातांतून आलेला आहे. चित्र असेल तर गूगल लेन्सने उलट शोध घ्यायचा, पण आधी चित्राच्या कडा नीट पाहायच्या. कापलेले किंवा आरशासारखे उलटवलेले चित्र लेन्सला चकवते, आणि मग ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ मुले ‘चित्र खरे आहे’ असा घेतात.

चॅटबॉटला बंदी घालून उपयोग नाही. मूल घरी वापरणारच. त्याचा धोका वेगळ्या जागी आहे. गोव्याच्या स्थानिक विषयांवर, त्यातही मराठीत, मजकूरच थोडा असल्याने ही यंत्रे रिकाम्या जागा भरून काढतात आणि अस्तित्वात नसलेली पुस्तके लेखक-प्रकाशकासकट सांगतात. वाक्यरचना इतकी सफाईदार असते की चूक कानाला खटकत नाही. तेव्हा नियम असा : चॅटबॉटने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या तालिकेत (पुस्तकांच्या यादीत) आणि अवतरणचिन्हांत घालून शोधात तपासायचा, दोन्हीकडे नसेल तर शोधनोंदीत ‘सापडले नाही’ असे लिहून तो सोडून द्यायचा. विचारलेला प्रश्न आणि तारीख लिहून ठेवायची. असा एखादा बनावट संदर्भ पकडून दाखवणाऱ्याला गुण मिळतात हे कळले, की मुले या यंत्रांकडे वेगळ्याच हुशारीने पाहू लागतात.

टिपणाची पाचवी तासिका थोडक्यात आटपते. पान वाचायचे, पुस्तक मिटायचे किंवा पडदा उलटा करायचा, दोन ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या, मग उघडून आकडे तेवढे ताडून पाहायचे. पुस्तकाची नोंद म्हणजे लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पान. संकेतस्थळाची नोंद म्हणजे पानाचे शीर्षक, कुणाचे, कधी पाहिले.

आता गुणांचा हिशेब. नेमक्या प्रश्नाला १, शब्द-तक्त्याला २, दोन वेगळ्या प्रकारच्या स्रोतांच्या पूर्ण नोंदीला २ (त्यांतला एक छापील असावा), नाकारलेल्या एका स्रोताला आणि त्याच्या कारणाला २, स्वतःच्या शब्दांतल्या टिपणाला १. नाकारलेल्या स्रोताचे दोन गुण कमी करू नका. सगळी नोंद घरी बसून बनवता येते, पण एखादे पान का सोडले याचे पटेल असे कारण ते पान वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. एक पानी नोंद तपासायला तीन मिनिटे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन तास. पंधरा पानांच्या वह्या चाळण्यापेक्षा हे हलके आहे. शिक्षकांवर आधीच किती कागदांचे ओझे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे ओझे वाढवा असे आम्ही म्हणत नाही, बदला असे म्हणतो.

राहिला प्रश्न कुलुपांचा. अनेक शाळांत पुस्तके काचेच्या कपाटात असतात आणि किल्ली कार्यालयात. कारण उघड आहे : पुस्तक हरवले तर जबाबदार कोण? केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत याचे उत्तर आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी, अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल तर, वाजवी धरावी असे तो नियम सांगतो. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक हरवले तर मात्र चौकशी व्हावी. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी करावी असेही त्यात आहे. व्यवस्थापन समितीने याच धर्तीवर एक ठराव करून ग्रंथपालाच्या हाती दिला, तर कपाटे उघडतील. नुसते ‘वाचनसंस्कृती वाढवा’ असे तोंडी सांगून ती उघडत नाहीत, कारण भरपाई पगारातून जाईल ही भीती तोंडी जात नाही. ठरावाबरोबर आणखी एक लेखी हुकूम हवा : शोधनोंदीच्या पाच तासिकांत ग्रंथपालाला बदली तासावर पाठवू नये.

येत्या सत्रात एकाच इयत्तेत, एकाच विषयात हे करून पाहा. आठवीचे सामाजिक शास्त्र त्याला सोयीचे आहे. पहिल्या वर्षीच्या शोधनोंदी रद्दीत घालू नका. वर्षाच्या शेवटी त्या रकान्यावार चाळल्या की आपली मुले प्रश्नात अडतात, शब्दांत की पडताळणीत, ते दिसेल, आणि पुढच्या वर्षीच्या पाच तासिकांची वाटणी त्यावरून बदलता येईल.

आपले,
गोव्यातील शालेय आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांत काम करणारे काही ग्रंथपाल